मोताळ्यातला समुद्र

मोताळ्याला समुद्र होता, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे नीट पाहतो आणि मग हळूच विषय बदलतो. पण होता. दोन हात लांब, हातभर रुंद आणि हातभर खोल. मलकापूरहून बुलडाण्याला जाणाऱ्या सडकेपासून आत, तिसऱ्या गल्लीत, एका धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराच्या पुढच्या खोलीत तो लाकडी घडवंचीवर ठेवलेला असे. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे देवमन सर त्याचे मालक. मालक हा शब्द मात्र त्यांना चालत नसे. "मी त्याचा चपराशी आहो," असं ते म्हणत.

मी त्या गावात नोकरीला आले तेव्हा महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी साखरखेर्ड्याची, आमची बोली जराशी जालन्याकडे झुकणारी. मोताळ्याचं 'मले-तुले' पहिल्या आठवड्यात कानाला खडबडीत लागलं आणि महिनाभरात माझ्याच तोंडी बसलं. शाळेत मराठी शिकवायचं आणि सरांच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत राहायचं, असं माझं आयुष्य होतं. मधली भिंत मातीची. पलीकडे सरांच्या पत्नी अनसूयाकाकू भाकरी थापायला बसल्या की अलीकडे मला कळायचं. पहिल्याच सकाळी त्या भिंतीपलीकडून फुस्-फुस् असा आवाज बराच वेळ येत राहिला. दूध आणायला बाहेर पडले तेव्हा मी काकूंना विचारलं, "काकू, आवाज कसला हो?"

"समुद्राले हवा भरून राह्यले," काकू म्हणाल्या. चूल पेटवली, अंगण झाडलं, तशाच सुरात.

आत जाऊन बघितलं तर लुंगी नेसलेला एक माणूस सायकलच्या पंपानं लॉरीच्या चाकाची ट्यूब फुगवत होता. ट्यूबला एक बारीक रबरी नळी, नळीला चिमटा, आणि नळीचं दुसरं टोक त्या काचेच्या टाकीत. चिमटा किंचित सैल केला की दिवसभर एकेक बुडबुडा पाण्यात सुटत राही. गावात वीज आली होती, पण तिच्या भरवशावर कुणाचा जीव टांगून ठेवावा अशी ती नव्हती. तो माणूस म्हणजे स्टँडजवळचे सायकलवाले रज्जाकभाई. सकाळची नमाज आटोपून घरी जाता जाता ते रोज यायचे, ट्यूब भरायचे आणि कागदाच्या पुडीतून आणलेली नदीतले चिमूटभर झिंगे बारीक करून पाण्यात सोडायचे. काकू माळकरी, त्यांच्या घरात मासळीचा तुकडा यायचा नाही. रज्जाकभाईंची पुडी मात्र यायची. "ते आपल्यासाठी थोडीच हाय," असा काकूंचा निवाडा होता.

सर उंच, काटकुळे, मान एका बाजूला कललेली. खिशात तपकिरीच्या डबीत ठेवलेलं भिंग. बोलता बोलता भिंतीवर एखादा किडा दिसला की वाक्य अर्धं टाकून ते डबी उघडत, आणि ते अर्धं वाक्य पुढे कधीच पुरं होत नसे. जन्म सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरकडच्या एका खेड्यातला. चाळिशीपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. मग एका उन्हाळ्यात विज्ञान शिक्षकांचं शिबिर कोकणात भरलं. ओहोटीला खडकांत पाण्याची डबकी राहतात. बाकीचे शिक्षक किल्ला बघायला गेले आणि हे एका डबक्याशी पालथे पडून राहिले, पाठीची सालटी निघेपर्यंत. परत आले ते पत्र्याच्या बादलीत एक दगड आणि काचेच्या दोन मोठ्या बाटल्यांत खारं पाणी घेऊन. तेजाबाच्या त्या बाटल्या गवतात गुंडाळलेल्या असत. सरांनी त्या वीस वेळा धुतल्या होत्या. गावी पोचेपर्यंत दगडावरचे निम्मे जीव मेले. जे उरले त्यांच्यासाठी गावच्या लोहाराकडून लोखंडी चौकट करून घेतली, काचा बसवल्या, सांधे डांबरानं भरले. पुढे दर सुटीत मुंबईला जायचं, समुद्राचं पाणी भरायचं आणि रेल्वेनं मलकापूर, तिथून एसटीनं मोताळा. असं दोन वर्षं केलं तेव्हा कुठे टाकी भरली.

आत बघण्यासारखं काय होतं? पहिल्या नजरेत काही नाही. एक काळपट दगड. त्याच्यावर तळहाताएवढी तपकिरी चकती, मधाच्या पोळ्यासारखी खोबण्या-खोबण्यांची. ते प्रवाळ. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच आम्हाला ठाऊक, सर भिंग हातात द्यायचे आणि म्हणायचे, "थांबा. घाई करू नका." पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकेका खोबणीतून केसाहून बारीक बोटं बाहेर येत. प्रत्येक खोबणीत एक जीव, आणि त्यानंच आपल्याभोवती बांधलेलं चुनखडीचं घर. बाजूला हिरवी समुद्रफुलं, शर्टाच्या गुंड्यांएवढी, स्पर्श झाला की मिटणारी. आणि एक शंखातला खेकडा. त्याला काकू 'जावई' म्हणायच्या, कारण तो मनात येईल तेव्हा बाहेर यायचा, खायचा आणि परत आत जाऊन बसायचा. त्यांची एकुलती मुलगी अकोल्याला दिली होती. खऱ्या जावयाबद्दल त्यांचं मत काय होतं, ते यावरून समजून घ्यावं. रोज सकाळी काच पुसताना त्या त्याला हाक मारत. "जावईबुवा, उठा. झिंगे आले."

आठवडी बाजाराच्या दिवशी सरांच्या घरापुढे रांग लागे. खेड्यापाड्यांतून आलेले लोक कापसाचं, मिरच्यांचं काम उरकून 'सरांचा समुद्र' बघायला येत. सर सगळ्यांना आत घेत. टाकीत बोट घालायची बंदी. पण शेजारी एका पेल्यात थोडं समुद्राचं पाणी ठेवलेलं असे, त्यात ज्यानं त्यानं बोट बुडवून चाखायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं चाखलं, दोन क्षण तोंड तसंच ठेवलं आणि मागे वळून आपल्या सोबत्याला म्हणाला, "खरंच हाय बे! खारट हाय!" जणू तोवर त्याला जग उगीच समुद्राच्या गप्पा मारतंय असं वाटत होतं.

सरांच्या तोंडी एक वाक्य फार होतं: "मले मालूम नाही." दुसरा शिक्षक जे वाक्य जीव गेला तरी वर्गात बोलणार नाही, ते सर दिवसातून दहादा बोलत, आणि त्यापुढे लगेच, "शोधून सांगतो." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाला विचारलं, पाल भिंतीवरून खाली का पडत नाही? सगळा वर्ग उभा राहिला आणि एका आवाजात म्हणाला, "मालूम नाही साहेब, शोधून सांगतो." साहेबांचा चेहरा लाल. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर अगदी मनापासून म्हणाले, "मलेही पक्कं मालूम नाही." शेरा वाईट आला. पण तीन आठवड्यांनी साहेबांना एक जाड पाकीट गेलं. मुलांनी घरोघरी पाली पाहून लिहिलेली टिपणं होती त्यात: काचेवर चढते का, तेलाच्या भिंतीवर चढते का, मेलेली पाल चिकटते का. साहेबांचं उत्तर कधी आलं नाही.

त्या टिपणांचाही एक नियम होता. "दिसलं ते लिवा, वाटलं ते नाही." समुद्राशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असे. तारीख, खोलीतला उष्मा, पाण्यातला उष्मा, काय दिसलं, आणि शेवटचा रकाना कारणाचा. सात वर्षांत एक दिवस सुटलेला नव्हता. कारण सापडलं नाही तिथे 'मालूम नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असे.

आमच्याकडचा उन्हाळा हा त्या समुद्राचा मोठा वैरी. सर मार्चपासून टाकीभोवती ओली पोती लावत. मातीच्या भिंती, वर धाबं, त्यात ओली पोती, म्हणून बाहेर अंग भाजत असतानाही पाणी बेताचंच तापे. पण ते आटे फार. काचेवर लाल रंगाची एक रेघ होती. पाणी तिच्याखाली गेलं की भर घालायची. "पानी उडते, मीठ उडत नाही," सर सांगत. "म्हनून गोडं पानी घाला. पन पावसाचंच." पावसाळ्यात पन्हाळीखाली धरलेलं पाणी कोपऱ्यातल्या मातीच्या रांजणात साठवलेलं असे.

त्या मे महिन्यात सर नेहमीप्रमाणे ताजं पाणी आणायला मुंबईला गेले. चार दिवसांत येतो म्हणाले. रांजणात पाच-सहा दिवसांचं पाणी होतं. उष्मा मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे, पोती भिजवायचं काकूंकडे. पण मुंबईत भाच्याच्या घरी सरांना ताप भरला. चाराचे आठ दिवस झाले. सहाव्या दिवशी सकाळी काकूंनी रांजणात वाटी घातली तर ती तळाला खरखरली. पाणी लाल रेघेच्या चार बोटं खाली गेलं होतं.

"आता वं?" काकू म्हणाल्या. "मीठ वाढलं तं मरतीन ना हे."

घरात सगळ्यात चांगलं पाणी कुठलं? तिवईवर तांब्याचा हंडा होता, चिंचेनं घासून सोन्यासारखा लखलखीत केलेला. त्यात रात्रभर मुरलेलं, देवाच्या पूजेचं पाणी. काकूंनी आधी हात धुतले. मग तो हंडा उचलला आणि गडव्यानं हळूहळू, जीव दचकू नयेत म्हणून काचेच्या कडेकडेनं पाणी सोडलं. मी तिथेच उभी होते. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक हंडा घातला.

समुद्रफुलं पहिल्याच दिवशी मिटली. दमली असतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बुळबुळीत तवंग आला. तिसऱ्या दिवशी खोलीत पाऊल टाकवेना इतका वास. प्रवाळाच्या चकतीवरून तपकिरी कातडी शेवाळासारखी सुटून तरंगत होती आणि खाली पांढरं पडत चाललं होतं. जावई शंखातून अर्धा बाहेर येऊन पडला होता. काकूंनी त्याला दोन-तीनदा हाक मारली.

सर त्याच दुपारी आले. मागे हमाल, त्याच्या डोक्यावर पाण्याच्या बाटल्या. काकू दारात उभ्या होत्या. सर आत गेले. वासावरूनच त्यांना कळलं असणार. त्यांनी टाकीपाशी बसून पाण्यात बोट फिरवलं, बोट हुंगलं. मग मान वळवून रांजणाकडे पाहिलं. उठून त्याच्यात हात घातला, तळ कोरडा. मग त्यांची नजर तिवईवरच्या हंड्यावर गेली आणि तिथे राहिली. काकू पदराचं टोक हातात धरून उभ्या होत्या, काहीतरी सांगायला त्यांचे ओठ हलले. पण त्याआधीच सर बोलले.

"ऊन लय झालं. उन्हानंच गेलं हे. मी चार दिवस उशीर केला, माह्यानं मेलं."

"पोती तं मी ओली ठेवली होती..."

"ठेवली तू. तुह्यात काही कमी नाही. ऊनच तसं होतं."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सरांनी टाकीतलं पाणी काढून आणलेलं सगळं पाणी भरलं. अंगात ताप होता तरी भिंग घेऊन तासन्‌तास दगडाशी बसले. एकही खोबण उघडली नाही. चार दिवसांत ती चकती हाडासारखी पांढरीफटक झाली. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सर तेच सांगत: ऊन.

आठवड्याभरानं मी वही पाहिली. त्या तीन दिवसांचे आकडे माझ्या हातचे होते. गेल्या उन्हाळ्यात पाणी याहून जास्त तापलं होतं आणि सगळे जगले होते, हे मागची पानं चाळली तरी दिसत होतं. 'काय दिसलं' या रकान्यात सरांनी सगळं लिहिलं होतं, तवंग, वास, कातडी सुटणं, एकेक गोष्ट. कारणाचा रकाना कोरा. 'मालूम नाही' सुद्धा नाही.

निकालाच्या कामासाठी आम्ही शाळेत जात होतो. तिथे व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "सर, माझे आकडे चुकले का?"

सरांनी मान खाली घातली. "नाही बाई. तुमचे आकडे बरोबर आहेत." मग म्हणाले, "तांबं. मानसाले चांगलं असते, ह्या जिवांले जहर. मले मालूम होतं. सात वर्षांत मी तिले सांगतलं, रांजनातलं घाल. हंड्यातलं घालू नको, हे काही सांगतलं नाही. सांगाचं सुचलंच नाही."

"मग खरं सांगा ना त्यांना."

"रोज सकाळी हाक मारे ती त्या जावयाले. तिच्या हातानं मेला हे सांगू तिले?" त्यांनी डबी उघडली, भिंग काढलं, पुसलं आणि परत आत ठेवलं. "खोटं लिववत नाही. खरं लिवाचं नाही. राहू द्या कोरं. तुमीही बोलू नका."

मी बोलले नाही. तेव्हा ते मला फार मोठं वाटलं होतं.

पण गावाला उन्हाचं कारण पटलं नव्हतं. सात उन्हाळे जे जगलं ते आठव्यात कसं मेलं? आणि मग कुणाला तरी आठवलं की सर मुंबईला जायच्या आधीच जुनी ट्यूब फाटली होती आणि रज्जाकभाईंनी नवी दिली होती. नव्या रबराचा वास येतो. त्या वासाची हवा पाण्यात गेली. स्टँडवरच्या हॉटेलात हे कुणी हसत बोललं, कुणी हसल्यावाचून. "रज्जाकनंच मारलं बे समुद्राले." रज्जाकभाईंचं सकाळचं येणं बंद झालं होतं. ट्यूबही ते काढून घेऊन गेले होते. आता हवा भरायची कुणासाठी, म्हणून येत नसतील असं आम्हाला वाटलं. सर तर घराबाहेर फारसे पडतच नव्हते. त्यांच्या कानावर यातलं काही आलं नाही.

जून लागायच्या सुमारास एका सकाळी रज्जाकभाई आले. मी दळण निवडत काकूंच्या ओट्यावर बसले होते. त्यांच्या काखेत ती ट्यूब होती, गुंडाळलेली. गालफडं बसली होती. सरांसमोर त्यांनी ती जमिनीवर ठेवली.

"सर, सोड्यानं तीनदा धुतली म्या. तुमी हुंगून पाहा. वास येऊन राह्यला का अजून?"

"कायचा वास?"

"लोक म्हन्तात, माह्या ट्यूबीनं मेलं सारं. खुदा कसम सर, दुकानातली सगळ्यात चांगली ट्यूब दिली होती. मी आता दुकानात बसतो तं हात चालत नाही. घरचे म्हन्तात जेव. घास उतरत नाही. तुमी उन्हाचं सांगता. माह्यासाठी सांगून राह्यले ना तुमी? मले वाचवाले? खरं सांगून टाका सर. माह्यानं झालं असन तं झालं म्हना."

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, आतल्या दाराकडे पाहिलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मी हातातल्या सुपाकडे बघत राहिले. मलाही कारण माहीत होतं, आणि मीही गप्प होते.

तेवढ्यात माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. काकू बाहेर आल्या. हातात तांब्याचा हंडा. न घासल्यानं काळवंडलेला. तो त्यांनी ट्यूबशेजारी ठेवला.

"रज्जाकभाऊ, ट्यूब घरी न्या. तुमच्या हवेनं काही नाही झालं. ह्या हंड्यातलं पानी ओतलं म्या. दोन हंडे. तवाच सारे मिटले, माह्या डोळ्यांदेखत."

रज्जाकभाई हंड्याकडे बघतच राहिले. सर कसेबसे म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?"

"कोन सांगते? आले त्याच दिवशी तुमी हंडा माळ्यावर टाकला. तीस वर्षांत तुमी सैपाकघरातली वाटी इकडची तिकडे केली नाही. मले समजनार नाही?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी एवढं जपून खोटं बोलून राह्यले होते. म्हटलं, बोलू द्या, त्यायलेच बरं वाटते." मग त्यांचा आवाज चढला. "पन मले एवढंही झेपलं नसतं असं वाटलं तुमाले? पोर बाळंतपनात जाता जाता वाचली तवा मीच उभी होती ना? अन् माह्यासाठी ह्या मानसाच्या तोंडचा घास जाऊन राह्यला!"

सर उठले. रज्जाकभाईंपुढे जाऊन उभे राहिले, हात जोडले. "रज्जाक, माफ कर गड्या. मले मालूम होतं. तुह्यावर आलं हे मालूम नव्हतं, पन मी विचारलंही नाही कोनाले."

"माफी कायची सर," रज्जाकभाई म्हणाले आणि खालीच बसले. हसत होते की रडत, ते त्यांनाही कळत नसावं. "मी तं सुटलो."

काकूंनी त्यांना तिथंच भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. ते खात असताना काकूंनी खिळ्यावरची वही काढून सरांच्या पुढ्यात टाकली. "लिवा."

सरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "घरात तांब्याचा धोका सांगून ठेवला नव्हता, त्यामुळे..."

"हे तुमाले वाटते. दिसलं ते लिवा. अनसूयानं तांब्याच्या हंड्यातलं पानी ओतलं."

सरांनी पहिली ओळ खोडली नाही. खाली दुसरी लिहिली. दोन्ही राहिल्या.

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. उन्हाचं साऱ्या गावाला सांगितलंत, आता हंड्याचंही साऱ्या गावाला सांगा, असा त्यांचा हट्ट. पुढच्या बाजाराला सर रज्जाकभाईंच्या दुकानापुढे उभे राहिले. सत्तर-ऐंशी माणसं जमली असतील. शेजारी काकू, त्यांच्या पायाशी हंडा. सरांनी सरळ सांगितलं: ऊन नव्हतं, ट्यूब नव्हती, तांबं होतं, उन्हाचं मी खोटं सांगितलं. वर्गात न अडखळणारा माणूस त्या दिवशी दोनदा पाणी प्यायला. मग पुढे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "आमच्या तांब्यातलं पानी देवाले चालते बाप्पा, तुमच्या समुद्राले काऊन नाही चालत?"

"पक्कं मालूम नाही माय," सर म्हणाले. "शोधून सांगतो." आणि सगळे हसले, रज्जाकभाई सगळ्यात मोठ्यानं.

दिवाळीच्या सुटीत सर पुन्हा कोकणात गेले, या वेळी काकूंना घेऊन. काकूंनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. सर मला नंतर सांगत होते, "बाई, ती अर्धा घंटा बोलली नाही. मले वाटलं भ्याली. मंग म्हने, एवढं पानी अन् एकाही वावराच्या कामाचं नाही!" पण नवा दगड त्यांनीच निवडला. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, सर नको नको म्हणत असताना, खडकांतून चालत जाऊन त्यांनी तो बरोबर शोधला. गावी आणेपर्यंत त्यावरचे चारच जीव मेले. सरांनी हे मला दोनदा सांगितलं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. लग्न झालं, बुलडाण्याला घर झालं, मुलं झाली. मोताळ्यावरून एसटी जायची, पण उतरणं व्हायचं नाही. उतरले ती बऱ्याच वर्षांनी. सर निवृत्त झाले होते. काचबिंदूनं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे, हे मला स्टँडवरच कळलं होतं. काय बोलावं याची जुळवाजुळव करत मी गल्लीत शिरले.

सकाळची वेळ. दार उघडं होतं. घडवंचीवर टाकी तशीच, दगडावर आता दोन चकत्या. टाकीसमोर पाटावर काकू बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, नाक काचेला लागेल इतक्या वाकलेल्या. सर बाजूला चटईवर, हात गुडघ्यांवर, मान कललेली, डोळे भलतीकडेच.

"डावीकडचे उघडून राह्यले," काकू म्हणत होत्या.

"किती?"

"चार. थांबा... पाच. पाचवा अर्धाच हाय."

"अर्धा म्हंजे केवढा?"

काकूंनी जरा विचार केला. मग सरांचा हात हातात घेतला, त्यांची बोटं मुठीत मिटवली आणि त्यातली दोन हळूच अर्धवट उघडली. "एवढा."

सरांनी ती दोन बोटं तशीच धरून ठेवली आणि मान हलवली. "अन् उजवीकडे?"

मी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले. काकू सरकून टाकीच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या.